निळी की मोरपंखी

वसंतअण्णा जतकरांबद्दल चांगलं लिहावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे त्यांची स्तुती झाल्यासारखी वाटली, तर ती माझ्या मनाविरुद्ध झाली असं समजावं. मी त्या माणसाचा हेवा केला. थोडाथोडका नाही, भरपेट केला. सकाळी कोर्टात जाताना केला, संध्याकाळी केशवापूरला घरी परतताना केला, आणि जेवताना बायकोनं त्यांचं नाव काढलं की आमटीच्या वाटीत बघत केला.

माझ्या वडिलांनी हुबळीच्या कोर्टात वकिली केली, आता मी करतो. त्यांच्याकडून मला कायद्याची पुस्तकं मिळाली, खर्जातला आवाज मिळाला आणि वकिलांच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची मिळाली. मला बहीण नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न आला नाही. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे. लेखी नियम नव्हता, पण रिवाज होता. आणि एका सोमवारी पाहतो तर काय, काळा कोट आणि पांढरे बँड घालून त्या खुर्चीत जवळी साळीतला, म्हणजे आमच्या कापडबाजारातला, साडीवाला बसलेला!

पन्नाशी उलटलेला माणूस. पांढरे केस चापून बसवलेले, कपाळावर बारीक गंध, आणि कोट असा बेतलेला की जणू आईच्या पोटातून तो घालूनच आले. मला पाहताच ते उठले, दोन्ही हात पुढे केले.

"या की वो वकीलसाहेब, बसा, बसा. पाणी सांगू?"

माझ्याच खुर्चीत त्यांनी मला असं बसवलं की मी गिऱ्हाईक होऊन गेलो. मग वाकून माझ्या कोटाची बाही अंगठा आणि तर्जनीत धरली आणि हलकेच चोळली.

"टेरीकॉट," ते म्हणाले. "टिकतं चांगलं. पण उन्हाळ्यात घाम पीत नाही. तुम्हाला राग लवकर येतो बघा, तो ह्याच्यामुळं."

मला राग आला.

कापड चोळून पाहणं ही त्यांची खोड होती. शिरस्तेदाराचा शर्ट, पक्षकाराच्या खांद्यावरचा टॉवेल, कोर्टाच्या दारावरचा पडदा, काहीच सुटत नसे. एका लग्नात नवरदेवाला अक्षता टाकून झाल्यावर त्यांनी त्याचा शेलाही चोळला होता. आणि चोळून झाल्यावर त्या माणसाबद्दल जे एक वाक्य बोलत, ते बहुतेक वेळा खरं निघे. मी तीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून जे ओळखू शकलो नाही, ते हा माणूस बाहीवरून ओळखायचा. आता सांगा, हेवा करायचा नाही तर काय करायचं?

त्यांना मी आधीपासून ओळखत होतो, म्हणजे माझी बायको ओळखत होती. घराणं मूळचं जतकडचं, पण तीन पिढ्या हुबळीत. बाजारात साड्यांचं दुकान. गल्ल्यावर थोरले भाऊ बापूअण्णा बसत, त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. गादीवर वसंतअण्णा. पांढऱ्याशुभ्र चादरीवर मांडी घालून बसलेले, पाठ ताठ, समोर साड्यांचा धबधबा. "बर्री अक्का, कूड्री," असं कानडीत स्वागत करायचे, मराठी बाई असेल तर "या वहिनी, टेका". आणि एकदा टेकलेली बाई त्या दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडलेली मी पाहिली नाही. माझी बायको विद्या तर एक साडी आणायला जाई आणि दोन घेऊन येई.

त्यामागची युक्ती मला बऱ्याच उशिरा कळली. अण्णा कधीही "घ्यायची आहे का?" असं विचारत नसत. दोन साड्या फडकावून चादरीवर टाकत आणि विचारत, "ही की ती?" बस्स. बाई विचारात पडे, ही की ती. घ्यायची की नाही, हा प्रश्न त्या दुकानाची पायरी चढतच नसे. बाई निवड केल्याच्या आनंदात घरी जाई, आणि घरी गेल्यावर तिच्या लक्षात येई की आपल्याला साडी नकोच होती.

असा हा माणूस पन्नाशीच्या तोंडावर विद्यानगरच्या बाजूला संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घालून बसला. बाजारात खळबळ उडाली. लोक कारण विचारायचे आणि अण्णा प्रत्येकाला त्याच्या मापाचं कारण द्यायचे. शेजारच्या भांडीवाल्याला म्हणाले, "मांडी घालून गुडघे गेले, कोर्टात उभं राहता येतंय." डॉक्टरांना म्हणाले, "डोकं गंजू नये म्हणून." विद्याला म्हणाले, "वहिनी, जन्मभर बायकांचं ऐकलं, आता जरा न्यायाधीशांचं ऐकून बघतो." विद्या घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या विनोदावर ती शेवटची कधी हसली होती, हे आठवत मी पाणी आणून दिलं.

मी सावध व्हायला हवं होतं ते त्याच कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत. परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. विषय तेव्हा सगळीकडे पेटलेला होता: लग्न झालेल्या मुलीनं माहेरच्या मिळकतीत वाटा मागावा का? कायद्यानं तर मुलगी जन्मतःच मुलाइतकी हक्कदार ठरवली, पण आमच्याकडे घरोघरी हक्कसोडीचा रिवाज चालूच. म्हणजे बहिणीनं उपनिबंधकाच्या कचेरीत जाऊन आपला वाटा भावांना सोडल्याची सही करायची, मग भावानं तिला साडीचोळी घ्यायची, घरी होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण घालायचं. सगळे म्हणणार, बहीण किती गुणाची! कॉलेजातली पोरं दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलत होती. अण्णांच्या वाट्याला चिठ्ठीनं बाजू आली होती ती "मागू नये" ही.

ते उठले. आवाज चढवला नाही. जणू समोर चादर अंथरली आहे अशा बेतानं त्यांनी एकेक गोष्ट उलगडून ठेवली. लग्नात भावानं काढलेलं कर्ज. माहेरी झालेली बाळंतपणं. दर वर्षी पंचमीला भाऊ बैलगाडी, मग मोटरसायकल, मग कार घेऊन न्यायला येतो, ते. मग म्हणाले, "वाटा घेतला की हे बोलावणं येत नाही. मी दुकानात बसतो, पंचमीची साडी घ्यायला कुठला भाऊ येतो आणि कुठला यायचा बंद होतो, मला माहीत आहे. तेव्हा इथल्या प्रत्येक मुलीला मी एवढंच विचारतो. तुला काय पाहिजे? वाटा की माहेर?"

टाळ्यांचा कडकडाट. मुलींनीसुद्धा वाजवल्या. शेवटच्या रांगेतली एक सडपातळ मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, "अण्णा, दोन्ही का नको?"

लोक हसले. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत. हातातल्या कागदाकडे बघत उभे राहिले, मग खाली बसले.

मी त्यांना पहिलं बक्षीस दिलं, नाइलाजानं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"वकीलसाहेब, मी जे बोललो ते खोडून काढा."

"कशाला? बक्षीस मिळालंय की तुम्हाला."

"बक्षीस राहू दे वो. उत्तर सांगा. काहीतरी उत्तर असणार. तुम्ही एवढे शिकलेले."

मी म्हटलं, त्या मुलीला विचारा. चेष्टेनं म्हटलं होतं. ते गंभीरपणे "होय" म्हणाले आणि निघून गेले. बक्षिसाचा चषक जिन्याच्या खिडकीतच राहिला होता.

पुढे त्यांना सनद मिळाली, आणि माझी खुर्ची त्यांनी कशी पळवली ते सांगितलंच; त्या सोमवारी मी तिच्यातून उठलो तो उठलोच. आता माझे हाल ऐका.

पोटगीचा एक दावा होता. मी नवऱ्याच्या बाजूनं, अण्णा बायकोच्या. माझ्या पक्षकाराचं म्हणणं असं की धंदा बुडाला, खायची भ्रांत, बायकोला काय देणार? मी त्याला बजावलं होतं, "साधा येशील. अंगठी काढशील. घड्याळ काढशील." त्यानं सगळं काढलं. अण्णा उलटतपासणीला उठले, पिंजऱ्याजवळ गेले आणि त्याच्या बाहीकडे टक लावून बघू लागले. कोर्टात चोळून बघता येईना म्हणून त्यांचा जीव कासावीस झालेला मला दिसत होता.

"साहेब, शर्ट फार सुरेख. शिवलेला की तयार?"

"शिवलेला." माझ्या पक्षकाराची मान जराशी ताठ झाली.

"वाटलंच. हे लिनन इथलं की बंगळूरचं?"

"बंगळूरचं," तो म्हणाला. "इथं असलं मिळत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत घड्याळ काढायला सांगायचं मला सुचलं होतं, शर्ट काढायला सांगायचं सुचलं नव्हतं. शिवाय माणूस भुकेला आहे की नाही, हे अण्णांनी विचारलंच नव्हतं. इथलं की बंगळूरचं, एवढंच.

असं वरचेवर व्हायला लागलं. माझे पक्षकार त्यांच्याकडे सरकू लागले, विशेषतः बायका. कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंद, कुठून कुठून बसनं यायच्या आणि माझ्या टेबलाशी येऊन मलाच विचारायच्या, "ते साडीचे अण्णा वकील कुठं बसतात?" मी बोटानं खिडकीकडे दाखवायचो.

बरं, ते हरले तरी सुख नाही. आमच्याकडे खटला जिंकला की वकिलांच्या खोलीत पेढे वाटायचा रिवाज. अण्णा हरल्यावर वाटायचे. धारवाडहून ताजा पेढा आणायचा आणि आधी जिंकलेल्या वकिलाच्या हातावर ठेवायचा. एकदा मी एका भाडेकरूच्या दाव्यात त्यांना हरवलं. मोठ्या तोऱ्यात मिठाईची पिशवी घेऊन खोलीत शिरलो तर सगळी मंडळी आधीच अण्णांचे पेढे खात बसलेली. "घ्या वकीलसाहेब, हरलो की वो आज!" असं म्हणत त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. माझी पिशवी मी तशीच घरी नेली. विद्यानं विचारलं, "हे कशाचे?" मी म्हटलं, "जिंकल्याचे." ती म्हणाली, "अगं बाई, अण्णा हरले?"

तर असा माझा हेवा सुखात वाढत असताना एका संध्याकाळी अण्णा माझ्या घरी आले. चेहऱ्यावर ते दुकानातलं स्वागत नव्हतं. खुर्चीच्या कडेला टेकले.

"तुम्हाला एक खटला घ्यायला पाहिजे. अक्काचा."

त्यांची थोरली बहीण सुमनअक्का, कलघटगीला दिलेली. तिथेच प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचा खटला मी कशाला? तुम्ही आहात की."

"मी कसा लढणार? मी प्रतिवादी आहे." त्यांनी टेबलक्लॉथचं टोक बोटांत धरलं, पण चोळलं नाही, नुसतं धरून बसले. "बाबा वारल्यावर बापूअण्णानं हक्कसोडीचा कागद केला. घर, दुकान, सगळं आम्हा दोघा भावांना. अक्का सही करणार नाही म्हणून तो घाबरला होता. मला म्हणाला, वसंता, तू बघ. मी काय बघणार वकीलसाहेब? मला एकच काम येतं. मी अक्काला दुकानात गादीवर बसवलं. दोन इरकली काढल्या. म्हटलं, अक्का, दुकानाच्या कर्जाच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या लागतात, उद्या कचेरीत जाऊन येऊ. तू कुठली नेसून येतेस? निळी की मोरपंखी?"

"मग?"

"मोरपंखी म्हणाली."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. विद्या ऐकत होती.

"एवढी वर्षं मला वाटायचं, सगळेच करतात. अहो, हक्कसोडीच्या साड्या मी किती विकल्या असतील! पुढं भाऊ, मागं बहीण, दारातच ओळखू यायचं. पण मनात कुठंतरी टोचायचं. आपण केलं ते कायद्यात बसतं का, ते बघावं म्हणून कॉलेजात गेलो. बाकीची कारणं गिऱ्हाइकांसाठी होती. आणि मग ती पोरगी 'दोन्ही' म्हणाली. माझ्या दुकानात असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कलघटगीची बस धरली आणि अक्काला सगळं सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"उठून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी म्हटलं, माझ्या वाट्यातला अर्धा घे. तर भाच्याकडून निरोप आला: मला तुझ्यातलं नको, माझं मला दे. बापूअण्णा तर ऐकायलाच तयार नाही. आता दावा लावायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावायला लागतो. मुदत संपत आली."

मी वकिलासारखा विचार केला. थोरला भाऊ म्हणणार, तिनं समजून-उमजून सही केली. त्या गादीवर काय बोलणं झालं, ते सांगणारा माणूस एकच. तो माझ्यासमोर बसला होता.

"अण्णा, तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर हे सांगावं लागेल. बहिणीला फसवलं म्हणून कबूल केलेल्या माणसाची सनद राहील का?"

"जाईल बहुतेक."

"मग माझ्याकडं का आलात? कुणी समंजस वकील बघा. तो तुम्हाला सांभाळून, बेतानं विचारील."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो," अण्णा म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसले. "बाकीचे मला सांभाळून घेतील. तुम्ही नाही घेणार. तुम्हाला मी डोळ्यांसमोर नकोय, मला माहीत नाही होय? तो राग मला पाहिजे. सरळ विचारा. आडून विचारलंत तर मी निसटून जाईन. माझी जीभच तशी आहे."

म्हणजे बघा. माझा हेवासुद्धा त्या माणसानं चोळून, पोत ओळखून, कामाला लावला. मी इतके दिवस तो माझा खासगी माल समजत होतो.

सुमनअक्का माझ्याकडे आल्या. उंच, सावळ्या, बोलणं मोजकं. मी विचारलं, न वाचता सही कशी केली? म्हणाल्या, "पोरांच्या प्रगतिपुस्तकावर मी वाचून सही करायची. भावाच्या कागदावर कोण वाचून करतं?" अण्णांचं नाव त्यांनी घेतलं नाही. 'धाकटा' म्हणाल्या.

अण्णांची साक्ष होती त्या दिवशी सगळं कोर्ट लोटलं होतं. अक्का मोरपंखी इरकल नेसून आल्या होत्या. घडी मोडल्यापासून दुसऱ्यांदाच नेसली असावी, घड्यांच्या रेषा अजून दिसत होत्या. अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी साडी पाहिली, आणि त्यांची बोटं कठड्यावर काहीतरी चोळू लागली. कठड्यावर कापड नव्हतं.

मी उठलो. किती वर्षं मी या क्षणाची स्वप्नं पाहिली होती! अण्णा पिंजऱ्यात आणि मी समोर. आणि आयत्या वेळी वडिलांकडून आलेला तो खर्ज कुठे गेला कोण जाणे. मी पाण्याचा घोट घेतला. अण्णांनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. गिऱ्हाईक बुजलं की ते अशीच मान हलवायचे.

"सही करण्याआधी," मी विचारलं, "तुम्ही तुमच्या बहिणीला विचारलं होतं का, की ती आपला हक्क सोडायला तयार आहे का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग काय विचारलं होतं?"

"निळी की मोरपंखी."

साक्ष कानडीत चालली होती, पण हे दोन शब्द ते मराठीतच बोलले. टंकलेखकानं मान वर केली. न्यायाधीशांनी त्याला तसंच लिहायला सांगितलं.

मग थोरल्या भावाचा वकील उठला. बेळगावहून मुद्दाम आणलेला, तरुण, तल्लख. त्यानं घाई केली नाही. अण्णांच्या पुढ्यात जाऊन गोड आवाजात विचारलं, "मला एवढंच सांगा वकीलसाहेब. तेव्हा बहिणीला फसवलंत, की आता कोर्टाला फसवताय?"

कोर्टात कुजबुज झाली. मी खरं सांगतो, मला त्या पोराचा हेवा वाटला. दोन साड्या टाकल्या होत्या त्यानं अण्णांच्या पुढ्यात. कुठलीही उचला, सनद गेलीच. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दाद उमटली, आपल्या तालमीतला पोरगा जिंकल्यावर वस्तादाच्या चेहऱ्यावर उमटते तशी.

"छान विचारलंत," ते म्हणाले. "माझ्याच दुकानातला प्रश्न आहे हा. तेव्हा फसवलं."

हक्कसोड रद्द झाली. अक्कांचा भावांइतकाच वाटा ठरला. थोरल्यांनी अपिलाच्या गोष्टी केल्या, मग गावाकडची जमीन आणि दुकानामागचं गोदाम घेऊन वेगळे झाले. जाण्याआधी त्यांनी अण्णांविरुद्ध वकिलांच्या परिषदेकडे तक्रार मात्र केली. तिची सुनावणी व्हायची होती, पण अण्णांनी वाट पाहिली नाही. आपणच प्रॅक्टिस बंद करत असल्याचं कळवून टाकलं.

निकालाच्या दिवशी, माझ्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला खटला मी जिंकला त्या दिवशी, वकिलांच्या खोलीत काय झालं असेल ते सांगायला नको. "हरलो की वो!" म्हणत अण्णा पेढे वाटत होते आणि सगळी खोली त्यांच्याभोवती गोळा झाली होती. कुणी डोळे पुसत होतं. मी कोपऱ्यात उभा. जिंकलो मी, आणि लोक गळ्यात पडताहेत त्यांच्या! शेवटी ते माझ्याकडे आले, पेढा हातावर ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "आता टेका."

मी टेकलो. खिडकीतून छान वारा येतो. पण कोर्टाच्या पायरीपाशी बायका अजून येतात, विचारतात, "ते अण्णा कुठं?" आणि आता बोट दाखवायला काही नसतं.

गेल्या श्रावणात पंचमीच्या तोंडावर विद्या म्हणाली, "चला, जतकरांकडे जाऊन येऊ." मी कोर्टातून परस्परच तिथे पोचलो, नवा कोट अंगात तसाच होता. दुकान तेच, चादर तशीच शुभ्र. फक्त गादीवर मध्यभागी सुमनअक्का बसल्या होत्या, आणि अण्णा एका टोकाला, उकललेल्या साड्यांच्या घड्या घालत. आम्हाला पाहून त्यांचे डोळे चमकले, पण तोंड उघडलं नाही. त्यांना मनाई असावी.

"या, टेका," अक्का म्हणाल्या. मग चष्म्यातून विद्याकडे बघून, शाळेत हजेरी घ्यावी तसं सरळ विचारलं, "साडी घ्यायची आहे का?"

विद्या गोंधळली. इतक्या वर्षांत त्या गादीवर हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती माझ्याकडे बघू लागली, मग रचलेल्या ढिगाकडे, मग स्वतःशीच विचार करू लागली. अण्णांचे हात घडीवर थांबले.

"खरं सांगू का अक्का," विद्या म्हणाली, "नाही. कपाट भरलंय."

"मग चहा तरी घ्या. वसंता, चहा सांग."

वसंता! अण्णा टुणकन उठले. साठीला टेकलेला माणूस, दारापर्यंत पळत गेला आणि पलीकडच्या हॉटेलवाल्याला ओरडून चहा सांगून आला. चहा पिताना मी त्यांच्या कानाशी लागलो, "अण्णा, ह्या तुमचा धंदा बुडवतील."

"बुडवू दे की," ते म्हणाले. "वाटा तिचाबी आहे."

निघताना ते पायरीपर्यंत आले. माझी बाही बोटांत धरून चोळली. "नवा? लोकर आहे थोडी. हलका आहे. आता राग कमी येत असेल."

"येतो अजून," मी म्हटलं.

"असू दे. उपयोगी पडतो."

रस्ता ओलांडून मी मागं वळून पाहिलं. आम्हाला निरोप द्यायला ते अजून पायरीवर उभे होते. पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते बघत होते विद्याच्या हातांकडे. त्या दुकानातून पहिल्यांदाच रिकाम्या बाहेर पडलेल्या त्या दोन हातांकडे बघून माणसाचा चेहरा असा फुलला होता, की मी इतके खटले जिंकलो, पण माझा तसा कधी झाला नाही.

केशवापूर येईपर्यंत मी रिक्षात माझीच बाही बोटांत धरून बसलो होतो. विद्यानं विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. तेच, नेहमीचं."

ती हसली. माझ्या बोलण्यावर हसली, एवढं मात्र नक्की.